कार्तिक-मार्गशीर्षातली देवदर्शनं आणि रस्त्यावरचे घोळ (कोल्हापूर व परिसर)

पंचगंगाकाठ

कार्तिक लागला की कोल्हापुरात घरोघरी एकच यादी निघते. अंबाबाईचा किरणोत्सव, त्रिपुरारीला पहाटे पंचगंगेचा घाट, त्याच रात्री खिद्रापूर, पुढं वाडीची (नृसिंहवाडीची) दत्तजयंती आणि सौंदत्तीची यल्लम्मा. या सगळ्याच्या वेळा बघा: पहाटेचे चार, तिन्हीसांजा, नाहीतर मध्यरात्र. आणि नेमका याच दिवसांत उसाचा हंगाम सुरू झालेला असतो. देवाची वेळ आणि ट्रॉलीची वेळ एकच.

दरवर्षी सुटे-सुटे प्रश्न येतात म्हणून हा एकच धागा. अट एवढीच की "आमचं काय झालं" हे पुराण नको. काय करायचं, किती, आणि कशानं बिघडतं तेवढं लिहा. चमत्कार आणि ऊसदर या दोन्हींवर भांडायला वेगळे धागे आहेत.

आकाशगणित

किरणोत्सवापासून सुरू करतो, कारण लोक तारीख पाठ करतात पण आकाश बघत नाहीत.

अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरून गाभाऱ्यापर्यंत जातात. दोनच वेळा का? कारण सूर्य १० नोव्हेंबरला विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १७ अंशांवर असतो, डिसेंबरात आणखी खाली जाऊन परततो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा त्याच जागी येतो. २१-२२ डिसेंबरपासून दोन्हीकडं मोजा, ४१-४२ दिवसांचं अंतर भरतं.

आता बिघडतं कुठं ते. कोल्हापुरात १० नोव्हेंबरला सूर्यास्त सहाच्या ठोक्याला धरा. किरण मूर्तीपर्यंत पोचतात ते पावणेसहाच्या पुढं, म्हणजे सूर्य क्षितिजापासून जेमतेम दोन अंश वर असताना. दोन अंश म्हणजे १०० मीटर अंतरावर साडेतीन मीटर उंची. किरणांच्या रेषेत ३०० मीटरवर एखादी इमारत त्या रेषेच्या पायापेक्षा १०-११ मीटर वर गेली की खेळ संपला. कधीकधी गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा पुरते. शिवाय मावळतीची जागा रोज साधारण पाव ते तृतीयांश अंश दक्षिणेला सरकते, सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं. म्हणून काल जी भिंत आडवी आली ती आज येईलच असं नाही.

किरण चरणांवरून वर का चढतात, हेही यातच आलं. सूर्य खाली उतरेल तसे किरण आडवे होतात आणि आतल्या मूर्तीवर वर सरकतात. पण खालचा सूर्य म्हणजे जास्त धूळ, जास्त दमटपणा, जास्त धूर यांतून आलेला उजेड. त्यामुळं चरणांपर्यंत तेज असतं आणि कमरेपर्यंत येता येता किरण विरतात. याला कोप वगैरे म्हणू नका, हवा दमट आहे एवढंच.

परगावचा_पाहुणा

पुण्याहून येतोय. तिन्हींपैकी एकच दिवस जमेल. कुठला धरू?

महाद्वार_रोड

पाव्हणं, मधला. पण नोव्हेंबरात ढग आले तर तिन्ही दिवस कोरडे जातात, म्हणून जमत असेल तर जानेवारीअखेरचा फेरा धरा, तेव्हा हवा कोरडी असते.

देवळात चारपर्यंत पोचा, पाचला येऊन काही उपयोग नाही. गाडी देवळाजवळ आणायच्या भानगडीत पडू नका. दसरा चौक किंवा बिंदू चौकाकडं लावा आणि चालत या. किरणांच्या वाटेत उभं राहायचं नाही, फोन उंच धरायचा नाही. गाभाऱ्यातले दिवे त्या वेळी मालवतात, त्यामुळं फोनच्या पडद्याचा उजेडसुद्धा मागच्याला खुपतो. प्रत्यक्ष मूर्तीवर किरण असतात ती मिनिटं मोजकीच. ती डोळ्यांनी बघा की ओ.

शिरोळ_ऊस

आता माझा विषय. ट्रॉल्या.

एक ट्रॅक्टर आणि मागं दोन ट्रॉल्या, सगळी मिळून लांबी १५-१६ मीटर. वेग २० चा. मागचा लाल दिवा बहुतेक वेळा नसतोच. असला तरी त्यावर उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला) लोंबतं. रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवलेली असते, पण आठ दिवसांत ती मातीनं माखते. म्हणजे अंधारात तुमच्यापुढं एक काळी भिंत आहे आणि ती जवळजवळ उभीच आहे, असं धरून चालवा.

हिशेब साधा आहे. दुचाकीचा डीपर (दिव्याचा खालचा झोत) ३०-४० मीटरपर्यंत दाखवतो. ६० च्या वेगात डोळ्यांनी बघून हात ब्रेकवर जाईपर्यंत २५ मीटर गेलेले असतात, थांबायला आणखी २०-२५ लागतात. म्हणजे दिसतं ४० वर आणि थांबता ५० वर. ४० च्या वेगात हीच बेरीज २७-२८ मीटर होते. एवढा एकच आकडा पाठ करा: अंधारात, उसाच्या पट्ट्यात, ४०. दाट धुक्यात २५ मीटरच दिसत असेल तर ३०.

ट्रॉली दिसण्याआधी कळते. रस्त्यावर ताजं, हिरवं वाडं किंवा कांड्या पडलेल्या दिसल्या की पुढं जवळच ट्रॉली आहे असं समजा. त्या कांड्यांवरून दुचाकीचं चाक गेलं तर कांडी लाटण्यासारखी फिरते आणि चाक बाजूला जातं. अशा वेळी ब्रेक दाबू नका, हँडल सरळ ठेवून वेग सोडून द्या.

दुसरा धोका चिखलाचा. फडातून (उसाच्या शेतातून) ट्रॉली डांबरीवर चढते तिथं चाकांबरोबर काळी माती येते. दिवसा ती वाळून धूळ होते, पहाटे दवानं भिजली की साबण. पाऊस नाही म्हणून रस्ता कोरडा, हा समज इथंच फसतो. फडाच्या तोंडाशी रस्ता काळसर, चकचकीत दिसला की आधीच वेग कमी करा, त्यावर गेल्यावर नाही.

ओलांडताना: तुम्ही ५० वर, ट्रॉली २० वर. आधीची-नंतरची जागा धरून चार-साडेचार सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही ६० मीटर जाता आणि समोरचा ६० च्या वेगानं येत असेल तर तो ७० मीटर आत येतो. म्हणजे समोर १३० मीटर मोकळे पाहिजेत. समोर दिवा दिसत नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं नाही. बिनदिव्याची दुसरी ट्रॉली समोरूनही येते. शिवाय चढाला मागची ट्रॉली शेपूट मारते, दीड मीटर अंतर सोडल्याशिवाय शेजारून जाऊ नका.

बंद पडलेल्या ट्रॉलीच्या चाकांना दगड लावतात. ट्रॉली निघून जाते, दगड तिथंच राहतो. तो बघायला डीपर खालच्या बाजूला नीट लागलेला पाहिजे.

आणि बैलगाडी समोर आली तर अप्पर (वरचा झोत) मारू नका. बैल बुजतात.

गंगावेस

शिरोळभाऊंनी भीती घातली. आता जरा दिव्याचं बोलू.

त्रिपुरारीच्या पहाटे पंचगंगेवर हजारो पणत्या लागतात, दरवर्षी त्यातल्या बऱ्याच अर्ध्या तासात विझतात आणि लोक वाऱ्याला नावं ठेवतात. वारा थोडाच. खरी कारणं ही:

नवी पणती कोरडी वापरली तर माती तेल पिते आणि बाहेर पाझरते. आदल्या दिवशी दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवा, उपडी घालून रात्रभर वाळवा. पाझरलेलं तेल पायरीवर येतं आणि त्यावरून माणसं घसरतात, हे वेगळंच.

खोबरेल नको. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि नोव्हेंबरच्या पहाटे घाटावर हवा त्याच्या बरीच खाली असते. थिजलेलं तेल वात ओढत नाही. करडई, शेंगदाणा, तीळ काहीही चालेल. १५ मिलीत दोन-अडीच तास जळतं, म्हणजे १०० पणत्यांना दीड लिटर. वात काठाबाहेर अर्धा सेंटीमीटरच काढा. जास्त काढली की काजळी धरते आणि झुळकेला विझते.

त्रिपुर वात साडेसातशे सुतांची. ती तुपातच हवी, पण तूपही थंडीनं गोठतं. म्हणून रात्रीच पातळ गरम तुपात बुडवून मुरवून ठेवा, दोन-तीन मोठे चमचे लागतात. पहाटे टोकाला कापराचा चुरा लावून पेटवा. ज्योत मोठी उठते, तेव्हा ती दगडावर खोलगट भांड्यात ठेवा. द्रोणात घालून पाण्यात सोडू नका, द्रोणच पेटतो. आणि थर्माकोलच्या वाट्या आणणाऱ्यांनी घाटावर येऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खालच्या पायऱ्या पावसाळाभर पाण्याखाली असतात. पाणी उतरलं तरी गाळ आणि शेवाळ तिथंच. काळपट ओला दगड दिसला की त्याच्या वरच्या पायरीवर थांबा.

पान्हा_पक्कड

गाडीचं. फार मोठं काही नाही, पण आदल्या संध्याकाळी करायचं. पहाटे चारला गॅरेज उघडं नसतं.

हवा: तापमान १० अंशांनी उतरलं की चाकात दीड पौंड कमी होतो. दुपारी गरम चाकात भरलेली हवा पहाटे कमी भरते. गाडी थंड असताना मोजा, आकडा गाडीवरच्या पट्टीवर असतो.

सुरू होणं: एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाचा आवाज थांबू द्या, मग बटण. जुनी कार्बोरेटरची असेल तर चोक ओढा, एक मिनिटानं परत ढकला. विसरलात तर प्लग काळा होतो. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर तिची परीक्षा याच पहाटे होते. किक असेल तर ती चालते का, हे आधी बघून ठेवा.

काच: हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरते. भांड्याच्या साबणाचा एक थेंब आतून चोळा, कोरड्या मऊ कापडानं पुसून घ्या. चारचाकीत काच आतून धुरकटली तर एसी लावा आणि हवा बाहेरची घ्या, आतली फिरवू नका. दव बाहेरून असेल तर वायपर. लोक हे दोन्ही उलटं करतात. धुक्यात अप्पर लावला तर समोर पांढरा पडदा उभा राहतो, डीपरच.

पंक्चर: फडाच्या कडेच्या वाटेवर बाभळीचा काटा ठरलेला. ट्यूबलेस असेल तर वीस मिनिटांचं काम. काटा काढायच्या आधी जागेवर खडूची खूण करा, नाहीतर भोक सापडत नाही. पकडीनं ज्या कोनात शिरलाय त्याच कोनात ओढा. खरवडणी चार-पाच वेळा आतबाहेर करा. सुईत वात अर्ध्यावर ओवा (ही दुसरी वात, गंगावेसकर!), सोल्यूशन लावून आत दाबा, दोन्ही टोकं एक-एक सेंटीमीटर बाहेर ठेवून सुई झटक्यात ओढा. टोकं कापा, थुंकी किंवा साबणपाणी लावून बुडबुडा येतो का बघा. सुई सावकाश ओढली की वात परत बाहेर येते, नवशिक्याचं इथंच चुकतं. ट्यूबच्या चाकाला हे चालत नाही, तिथं गाडी ढकलणं आलं.

काकडा

सगळं बरोबर असेल. पण तुमचं वाचून असं वाटतं की पहाटे निघूच नये. काकड आरती सहाला उजाडल्यावर होत नाही. ज्यांनी महिनाभराचा नेम धरलाय त्यांना उद्या कुणी "तास उशिरा निघा" सांगितलं, तर ते नेमच मोडा सांगणं.

शिरोळ_ऊस

नेम गावातल्या देवळाचा असेल तर चालत जा, प्रश्नच नाही. ३०-४० किलोमीटर अंधारात दुचाकी हाणून जायचा नेम कुठल्या पोथीत आहे?

पंचगंगाकाठ

दोघंही थांबा. नवस बोलताना लोक दिवस बोलतात, तास नाही. त्रिपुरारीला घाटावर पहाटेच जावं लागतं, पण ते शहरातच आहे. दत्तजयंतीचा जन्मकाळ सायंकाळचा, त्यासाठी पहाटे निघायचं कारण नाही. दुपारी उजेडात वाडीला पोचा. परत यायची घाई मात्र रात्री ट्रॉल्यांत नेऊन घालते, म्हणून मुक्काम तरी करा नाहीतर बसनं या. काकड्याचा महिन्याचा नेम असेल तर आदल्या रात्री गावात मुक्काम, हीच जुनी रीत होती. पूर्वी ओसरीवर झोपायचे. गाडी आल्यापासून ओसरी गेली.

काकडा

हे पटतं. ओसरी गेली हे जास्त पटतं.

सुगरण_शाहूपुरी

वयस्कर माणसं बरोबर असतील तर दोन ओळी. पहाटेच्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाय बधिर होतात, ते स्वतःला कळत नाही आणि पायरी चुकते. रांगेत अधूनमधून टाचा वर-खाली करायला सांगा. वाडीच्या संगमावर स्नान करायचं असेल तर आधी पाय, मग हात, मग डोकं. एकदम बुडी नको. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी रांगेत थांबू नये. वाडीचा पेढा आणि कवठाची बर्फी प्रसाद म्हणून ठीक, न्याहारी म्हणून नाही.

कुरुंदवाडकर

खिद्रापूरचं विचारलं होतं. कोपेश्वर, कृष्णेकाठ, शिरोळ तालुक्याचं टोक, नदीपलीकडं कर्नाटक. कोल्हापुरातून साठेक किलोमीटर. कार्तिक पौर्णिमेच्या मध्यरात्री स्वर्गमंडपाच्या वरच्या गोल झरोक्यात चंद्र येतो आणि खालच्या गोल शिळेवर चांदणं उतरतं. त्या वेळी परतीची एसटी नसते. कुरुंदवाडच्या पुढं रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना ऊस, म्हणून पेट्रोल जयसिंगपूर किंवा इचलकरंजीतच भरा. आत दिवे, टॉर्च, फ्लॅश काही लावू नका. एका टॉर्चनं शंभर माणसांचे डोळे पाच-दहा मिनिटं दिपतात.

आकाशगणित

चंद्र बरोबर डोक्यावरच का, याचं उत्तर किरणोत्सवाच्याच हिशेबात आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर. सूर्य १७ अंशांच्या आसपास दक्षिणेला तर चंद्र साधारण तेवढाच उत्तरेला. आणि खिद्रापूरचा अक्षांश पावणेसतराच्या जवळपास. म्हणून तो माथ्यावर येतो. चंद्राची कक्षा पाच अंश कललेली असल्यानं काही वर्षी तो जरा बाजूला असतो, पण पाच अंश म्हणजे दर मीटर उंचीला ९ सेंटीमीटर, झरोक्याच्या मानानं किरकोळ.

वेळ: चंद्र माथ्यावर येतो तो सव्वाबाराच्या मागेपुढे. तिथी आधी भरली असेल तर वीस-पंचवीस मिनिटं उशिरा, नंतर भरणार असेल तर तेवढीच लवकर. बाराला बघून "काही दिसलं नाही" म्हणत उठू नका.

परगावचा_पाहुणा

नंदी कुठं आहे तिथला?

कुरुंदवाडकर

नाही. शिवाचं देऊळ असून समोर नंदी नाही, हेच त्याचं वैशिष्ट्य.

ओढ्यावरची_रेणुका

सौंदत्तीचं राहिलं. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूरची माणसं बेळगावमार्गे जातात. गल्लीनं एसटी प्रासंगिक करारावर (अख्खी गाडी भाड्यानं) घेतली तर त्यात महिलांची ५० टक्के सवलत लागत नाही, हे आधी सगळ्यांना सांगा. गाडी सुटताना भांडण होतं ते यावरूनच. साध्या गाडीनं गेलात तरी सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, आणि पलीकडची मोफत योजना कर्नाटकच्या रहिवासी महिलांसाठी आहे.

खासगी जीप किंवा टेम्पो असेल तर निपाणीपुढचा तवंदी घाट उतरताना गाडी ज्या गिअरमध्ये चढवली असती त्याच गिअरमध्ये उतरवा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापून पकडच सोडतो, आणि भरलेल्या गाडीत हे लवकर होतं. जळका वास आला की थांबायचं, पाणी ओतायचं नाही. ड्रम तडकतो. अर्धा तास तसंच गार होऊ द्यायचं.

परत आल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा. दहा माणसांची आंबील: दोन वाट्या ज्वारीचं पीठ, चार वाट्या आंबट ताकात रात्री भिजवून ठेवायचं. सकाळी दहा वाट्या पाणी उकळून, गॅस बारीक करून, कालवलेलं पीठ धार धरून ओतायचं आणि हात थांबवायचा नाही. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ घातलं की गुठळ्या ठरलेल्या. पंधरा मिनिटं शिजलं की मीठ, जिरं, ठेचलेली लसूण. ताक सगळं आधीच घातलं नसेल आणि वरून घालायचं असेल तर उतरवून कोमट झाल्यावर, नाहीतर फाटतं. बरोबर भाकरी, वडी, मेथीची भाजी, वरणं-वांगं, दहीभात, कांद्याची पात, गाजर, लिंबू.

गंगावेस

लसूण घालतात का? आमच्याकडं नाही.

ओढ्यावरची_रेणुका

घराघराची रीत वेगळी. नैवेद्याची आधी बाजूला काढायची, मग लसूण.

शिरोळ_ऊस

यात्रेहून रात्री परत येणाऱ्या टेम्पोवाल्यांनो, तुमचाही मागचा दिवा बघा. लाल कापड बांधून भागत नाही, रात्री ते काळंच दिसतं. रिफ्लेक्टरची पट्टी घ्या, फाळक्याच्या (मागच्या झडपेच्या) दोन्ही टोकांना एक-एक हात लांब, जमिनीपासून कमरेच्या उंचीवर. चिकटवायच्या आधी पत्रा पेट्रोलच्या बोळ्यानं पुसून घ्या, नाहीतर दवानं सुटते.